दोन स्टेशनं, दोघेही ‘नंबर वन’: मग जाहिरात कुणाला द्यायची?

प्रश्न: कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं भांड्यांचं दुकान आहे. यंदा दिवाळीत पहिल्यांदाच रेडिओवर जाहिरात करायचा विचार आहे. सगळं मिळून एक लाख रुपये खर्चता येतील. दोन खासगी एफएम स्टेशनांची माणसं येऊन गेली आणि दोघांनीही रंगीत तक्ते दाखवून आपणच शहरात नंबर वन असल्याचं सांगितलं. पहिल्याचा प्रस्ताव: पंधरा दिवसांत ३० सेकंदांचे ३०० स्पॉट (एक स्पॉट म्हणजे जाहिरात एकदा वाजणं), दहा सेकंदांना १०० रुपये दर, वर १५० स्पॉट बोनस, एकूण ९०,००० रुपये. दुसऱ्याचा प्रस्ताव: पंधरा दिवसांत २० सेकंदांचे २४० स्पॉट, दहा सेकंदांना १८० रुपये, एकूण ८६,४०० रुपये. दोघेही एकाच वेळी नंबर वन कसे असतील? रेटिंग कुणाचं खरं मानायचं? वडील म्हणतात, त्यापेक्षा पेपरात जाहिरात दे.

उत्तर: दोघेही खोटं बोलत नसतील, तरीही दोघांचं म्हणणं तुमच्या उपयोगाचं नसेल. आधी हे कसं होतं ते पाहू आणि मग तुमच्या दोन प्रस्तावांचा हिशोब मांडू, कारण खरी गोम तिथेच आहे.

टीव्हीला जशी दर आठवड्याची टीआरपी असते, तशी नियमित मोजणी कोल्हापूरच्या रेडिओला नाही. टॅम मीडिया रिसर्चने २००७ मध्ये ‘रॅम’ नावाची रेडिओ मोजणी सुरू केली, पण ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांपुरतीच राहिली. पद्धत डायरीची. निवडलेल्या माणसांनी दिवसाच्या प्रत्येक पंधरा मिनिटांपुढे आपण काय ऐकलं ते टिपायचं. माणूस अशी डायरी रोजच्या रोज भरतोच असं नाही. आठवडा सरताना आठवून आठवून भरतो आणि मग जे नाव तोंडात बसलेलं असतं तेच जास्त वेळा लिहिलं जातं. चहाच्या गाड्यावर अर्धा तास कानावर पडलेलं स्टेशन डायरीत येतच नाही.

दुसरा आधार म्हणजे इंडियन रीडरशिप सर्व्हे. मूळ काम वर्तमानपत्रांच्या वाचकांचं, पण त्यात घरोघर जाऊन रेडिओबद्दलही विचारत. २०१९ नंतर मात्र तो बरीच वर्षं निघालाच नाही. तो महाराष्ट्रातल्या इतर शहरांबद्दल थोडंफार सांगत असे, पण तो त्या-त्या वर्षाचा फोटो असतो. गेल्या महिन्यात एखादा लोकप्रिय आरजे (रेडिओवरचा निवेदक) स्टेशन बदलून गेला असेल, तर ते त्यात दिसणार नाही.

तिसरा आणि छोट्या शहरांत सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे स्टेशनने स्वतः पैसे देऊन करून घेतलेली पाहणी. ती वाईटच असते असं नाही, पण प्रश्न कोणते विचारायचे आणि निकालातला कोणता तक्ता छापायचा, हे पैसे देणाराच ठरवतो.

म्हणून रंगीत कागद हातात आला की मोठ्या अक्षरांतला आकडा सोडा आणि तळाची बारीक ओळ वाचा. तिथे असं काहीतरी असतं: ‘वय २५ ते ३४, उत्पन्न गट अ, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते ११, काल ऐकलेले’. यातली प्रत्येक अट म्हणजे एक चाळणी. चाळण्या बदलत गेलं की कुठलंही स्टेशन कुठल्या तरी चाळणीत पहिलं येतंच. एक ‘गेल्या आठवड्यात एकदा तरी ऐकलं’ यात पहिलं, दुसरं ‘काल ऐकलं’ यात, तिसरं फक्त गाडीत ऐकणाऱ्यांत. तळाला ओळच नसेल तर तो आकडा नाही, घोषणा आहे. आणि इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर श्रोते म्हणून दाखवत असतील, तर चहा पाजून विषय संपवा.

आता दोन नंबर वनचं कोडं. समजा, ‘अ’ स्टेशन शहरातले ४० टक्के लोक आठवड्यात एकदा तरी ऐकतात आणि त्यातला सरासरी माणूस आठवड्याला ३ तास ऐकतो. ‘ब’ स्टेशन २५ टक्केच ऐकतात, पण सरासरी ६ तास. किती लोकांपर्यंत पोचतो, याला रीच म्हणतात, आणि त्यात ‘अ’ पुढे. पण एकूण ऐकलं गेलेलं पाहिलं तर शंभर माणसांमागे ‘अ’चे १२० तास आणि ‘ब’चे १५० तास. याला शेअर म्हणतात, आणि त्यात ‘ब’ पुढे. दोघेही खरं बोलतात.

जाहिरातदारासाठी या दोन आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत. सकाळी ६ ते रात्री १०, म्हणजे आठवड्याचे ११२ तास धरू. त्यात तुमचे रोज ८ याप्रमाणे ५६ स्पॉट समान अंतराने वाजले, तर दर दोन तासांना एक स्पॉट पडतो. ‘अ’च्या श्रोत्याला तो आठवड्यात सरासरी दीड वेळा ऐकू येईल, ‘ब’च्या श्रोत्याला तीन वेळा. नव्या दुकानाचं किंवा सेलचं नाव एका वेळेला डोक्यात बसत नाही. आठवड्यात तीनेक वेळा तरी कानावर पडावं, असा या धंद्यातला ढोबळ अंदाज आहे. म्हणजे मोठ्या रीचच्या स्टेशनवर तुटपुंजे स्पॉट घेतलेत, तर पुष्कळ लोकांना तुमची जाहिरात एकदा ऐकू येईल आणि कुणाच्याच लक्षात राहणार नाही. छोट्या बजेटचे बहुतेक पैसे असेच वाया जातात.

नमुन्याचा आकारही विचारा. पाहणी ५०० जणांची असेल आणि एकाला २४ टक्के, दुसऱ्याला २१ टक्के मिळाले असतील, तर त्या तीन टक्क्यांना काही किंमत नाही, कारण एवढ्या नमुन्यात २४ टक्के म्हणजे खरं तर २० ते २८ मधलं काहीही. त्यातून ‘२५ ते ४४ वयाच्या गृहिणी’ असा तुकडा काढला आणि त्यात ९० जणीच उरल्या, तर चूक दोन्ही बाजूंनी जवळपास ९ टक्क्यांची. त्यावर पहिला-दुसरा ठरवण्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं.

मोठ्या कंपन्या तरीही रेटिंग पाहतात. त्यांना एकाच वेळी वीस शहरांत पैसे वाटायचे असतात, वरिष्ठांपुढे कागद ठेवायचा असतो आणि चुका वीस शहरांत मिळून विरून जातात. तुमचं शहर एक, दुकान एक. तुम्हाला स्टेशनची सरासरी नको, तुमचं गिऱ्हाईक काय ऐकतं ते हवं, आणि ते तुम्ही आठवड्याभरात बऱ्यापैकी शोधू शकता.

गल्ल्यापाशी एक वही ठेवा. येणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांना ‘रेडिओ ऐकता का?’ असं विचारू नका. लोक हो म्हणून मोकळे होतात. ‘काल सकाळी घरी किंवा गाडीत काय लागलं होतं?’ असं विचारा आणि स्टेशनचं नाव आपण होऊन अजिबात घेऊ नका. रकाने चारच: आकाशवाणी, खासगी एफएम (कुठलं ते), मोबाईलवरची गाणी, काहीच नाही. सोबत गाव किंवा पेठ लिहा. पण दुकानात येणारे आधीपासूनच तुमचे असतात, म्हणून तितकीच माणसं बाहेरची घ्या: रिक्षा स्टॉप, ब्युटी पार्लर, पिठाची गिरणी, गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीच्या फाटकाबाहेरचा चहावाला. ओळखीचं चारचाकीचं गॅरेज असेल तर आणखी एक चांगली युक्ती आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचा रेडिओ चालू केला की बहुतेकदा शेवटी लावलेली फ्रिक्वेन्सीच पुढे येते. गॅरेजवाल्याला पन्नास गाड्यांची नोंद ठेवायला सांगा. गाडीचा नंबर नको, फक्त फ्रिक्वेन्सी. इथे आठवणीचा प्रश्न येत नाही आणि कुणी चांगलं दिसावं म्हणून उत्तरही देत नाही. अर्थात हे झालं फक्त गाडीवाल्यांचं चित्र. कुकर घेणारी गृहिणी त्यात नसेल, म्हणून वही आणि गॅरेज दोन्ही हवं.

या वहीत मोबाईलचा रकाना फुगलेला दिसला तर नवल वाटू नये. बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम रिसीव्हर चालूच नसतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांना तो बंद ठेवू नका अशी सूचना काढली, ती याचमुळे. स्टेशनची माणसं शहराच्या लोकसंख्येला टक्केवारीने गुणून लाखांचे आकडे सांगतात, तेव्हा हे ध्यानात असू द्या. आणि वहीत आकाशवाणी जोरात निघाली, विशेषतः करवीर, कागल, राधानगरीकडच्या गिऱ्हाइकांत, तर तिसरा प्रस्ताव तिथूनही मागवा. खासगी स्टेशनांचे प्रतिनिधी तिचं नाव काढणार नाहीत.

सिग्नलची खात्रीही स्वतः करा. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज खरखरतो. गाडी काढा आणि तुमचं गिऱ्हाईक ज्या दिशांनी येतं त्या रस्त्यांनी, पन्हाळ्याकडे, इचलकरंजीकडे, निपाणीकडे, दोन्ही स्टेशनं आलटून पालटून लावत जा. जिथे खरखर सुरू झाली तिथल्या गावाचं नाव लिहून ठेवा. नकाशावर काढलेलं गोल वर्तुळ प्रत्यक्षात कधीच गोल नसतं.

आता प्रस्ताव. पहिल्याकडून दिवसाच्या वेळांप्रमाणे वाटणी लेखी मागा. ४५० स्पॉट पंधरा दिवसांत म्हणजे रोज ३०. आता समजा, वाटणी अशी निघाली, आणि स्वस्त पॅकेजची ती बऱ्याचदा अशीच निघते: सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या प्राइम टाइममध्ये ८, दुपारी १०, रात्री ९ नंतर आणि पहाटे १२. पंधरा दिवसांचे झाले १२०, १५० आणि १८०. दुपारच्या स्पॉटला अर्धी किंमत द्या, रात्रीच्या स्पॉटला भांड्यांच्या दुकानाने शून्य द्यावी. मग कामाचे उरले १२० अधिक ७५, म्हणजे १९५. ९०,००० भागिले १९५, म्हणजे एका कामाच्या स्पॉटला ४६२ रुपये. दुसऱ्याचे २४० स्पॉट सगळे प्राइम टाइमचे असतील (हेही लेखी घ्या), तर एक स्पॉट पडतो ३६० रुपयांना.

पहिला प्रतिनिधी यावर म्हणेल की आमचा स्पॉट ३० सेकंदांचा आहे, दहा सेकंदांचा दर काढा. काढला तरी १५४ विरुद्ध १८०, आणि तो स्वस्त ठरतो. पण गिऱ्हाइकाने जाहिरात किती वेळा ऐकली हे स्पॉटांवर ठरतं, सेकंदांवर नाही. दुसऱ्याच्या योजनेत प्राइम टाइममध्ये दर अर्ध्या तासाला तुमचं नाव येतं. कामावर जाताना २५ मिनिटं रेडिओ ऐकणाऱ्याला ते बहुतेक दिवशी एकदा ऐकू येईल. पहिल्याच्या योजनेत तासाला एकदा, म्हणजे त्याच माणसाला दोन-अडीच दिवसांतून एकदा. दुकानाचं नाव, माल, सवलत आणि ठिकाण एवढं २० सेकंदांत आरामात बसतं. मराठीत बोलण्याच्या वेगाने साधारण ४० ते ४५ शब्द. त्यात फोन नंबर घालू नका, कुणी लिहून घेत नाही; देवळाच्या कुठल्या दरवाजासमोर, कुठल्या दुकानाच्या शेजारी, ते सांगा.

म्हणून पहिल्याला उलट विचारा: बोनस नको, ३० सेकंदही नकोत, २० सेकंदांचे सगळे स्पॉट प्राइम टाइममध्ये द्या, दर काय? त्या उत्तरानंतरच दोन्ही कागद शेजारी ठेवण्यासारखे होतात. घासाघीस करताना एक संदर्भ हाताशी असावा. सरकारी जाहिरातींसाठी खासगी एफएमचा मूळ दर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला आणि शहराप्रमाणे तो वाढतो. तो तुम्हाला कुणी देणार नाही, दिवाळीत तर नाहीच, पण दरपत्रकावर तीनशे-चारशे छापून ‘तुमच्यासाठी निम्म्यात’ म्हणणाऱ्यापुढे भुरळ पडणार नाही.

दोन्ही स्टेशनांत पैसे वाटू नका. एक लाखात दोन्हीकडे तुकडेच पडतील. शिवाय तुमचे दोन्ही प्रस्ताव जीएसटी धरला तर लाखाच्या वर जातात. १८ टक्क्यांनी पहिला होतो १,०६,२०० आणि दुसरा १,०१,९५२, आणि जिंगलचा खर्च वेगळाच. नियमित नोंदणी असेल तर हा कर तुम्हाला वजावटीत मिळतो. कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी योजना) असाल तर मिळत नाही, तो खर्चातच धरा. आमच्या मते वही विरुद्ध बाजूने बोलली नाही तर दुसरं स्टेशन घ्यावं, आणि २४० ऐवजी २०० स्पॉट, पंधरा ऐवजी बारा दिवसांत. १८० च्याच दराने ७२,००० रुपये, करासकट ८४,९६०. उरलेल्या पंधरा हजारांत जिंगल आणि खाली सांगितलेली भेटवस्तू बसवायची.

बारा दिवस धनत्रयोदशीला संपतील असे मागे मोजा, आणि जिंगल एकच करून शेवटची ओळ दोन तऱ्हेची रेकॉर्ड करा. पहिले सात दिवस फराळाची: कढई, झारा, सोऱ्या, मोठी परात. फराळाची भांडी लोक दिवाळीच्या आधीच घेतात, धनत्रयोदशीला नाही. शेवटचे पाच दिवस तांब्या-पितळेची. ही साधी गोष्ट स्टेशनचा माणूस सुचवत नाही, कारण त्याला एकच फाईल चालवणं सोपं जातं. रेकॉर्डिंगच्या वेळीच दोन्ही करून घेतलंत तर जास्तीचा खर्च किरकोळ.

रिलीज ऑर्डरवर, म्हणजे स्टेशनला द्यायच्या जाहिरातीच्या लेखी ऑर्डरवर, सही करण्याआधी त्यात चार गोष्टी शब्दांत हव्यात. रोजचे स्पॉट कुठल्या वेळेत किती. त्याच ब्रेकमध्ये दुसऱ्या भांड्यांच्या किंवा किचनवेअरच्या दुकानाची जाहिरात नाही. चुकलेला स्पॉट त्याच वेळेत आणि धनत्रयोदशीच्या आत भरून देणार. नाहीतर भाऊबीजेनंतर वाजवून हिशोब पुरा करतात. आणि बिलासोबत तारीख, मिनिट-सेकंद दाखवणारा प्रसारणाचा लॉग. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, निम्मी लॉग तपासल्यावर द्या. तपासायला फार काही लागत नाही: दुकानातल्या पोराला रोज वेगवेगळा एक तास ऐकायला लावा आणि त्याने टिपलेल्या वेळा लॉगशी ताडून बघा. आरजेच्या तोंडून होणारे उल्लेख मिळत असतील तर ते जरूर घ्या, जिंगलपेक्षा ते जास्त ऐकले जातात. पण ते स्पॉटच्या संख्येत मोजू देऊ नका, आणि मजकूर लिहून द्या. नाहीतर गप्पांच्या ओघात तुमच्या दुकानाचा पत्ता ताराबाई रोडला जातो.

परिणाम मोजायला जाहिरातीत सांगा: ‘रेडिओवर ऐकलं म्हणा आणि झारा मोफत घेऊन जा’. पेपरात जाहिरात दिलीत तर तिच्यासाठी दुसरी वस्तू, समजा पळी. महिन्याच्या शेवटी किती झारे गेले ते मोजा. आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, कारण निम्मे लोक सांगायला विसरतात आणि काऊंटरवरचा माणूस गर्दीत विचारायला. म्हणून विक्रीही ताडा, पण तारखेने नको, तिथीने. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केलीत तर रेडिओने चमत्कार केला असं वाटेल किंवा सगळं बुडालं असं. धनत्रयोदशीपासून मागे पंधरा दिवस, दोन्ही वर्षांचे, हेच माप. कारखान्यांचा बोनस कधी झाला तेही शेजारी लिहून ठेवा, कारण एमआयडीसीतला पगारदार त्या आठवड्यात जाहिरात न ऐकताही येतो.

राहिला वडिलांचा मुद्दा. तो चुकीचा नाही. पेपरात भांड्यांचे फोटो आणि किमती दाखवता येतात, कात्रण घेऊन गिऱ्हाईक येतं; रेडिओवर किंमत ऐकून कुणाला कढई डोळ्यांपुढे येत नाही. रेडिओ नाव आणि ठिकाण पुन्हा पुन्हा कानावर घालतो, आणि तेही स्वस्तात. तुमचं दुकान महाद्वार रोडला सगळ्यांना ठाऊक असेल आणि सांगायची गोष्ट फक्त कुकरवरची सूट असेल, तर यंदा वडिलांचं ऐका. पण वहीत उपनगरांतली, कळंबा-फुलेवाडीकडची गिऱ्हाइकं कमी दिसली आणि तिकडच्या रिक्षांत एफएम वाजत असेल, तर रेडिओ घ्या, आणि पहिली जिंगल तयार झाली की ती वडिलांना एकदाच ऐकवून दुकान कुठे आहे ते विचारा. त्यांना एका दमात सांगता आलं नाही तर पुन्हा रेकॉर्ड करायला लावा.